साडेपाचनंतर थोड्याच वेळानं

३ डिसेंबर १९७१ च्या मध्यरात्री इंदिराबाईंचं भाषण मी आमच्या सोप्यात बसून ऐकलं, असं मी चाळीस वर्षं सांगत आले. वर्गातल्या मुलांना सांगितलं, स्वतःच्या मुलांना सांगितलं. कोनाड्यातला रेडिओ, त्याच्या काचेमागचा पिवळा उजेड, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली आजी, दाराच्या चौकटीला टेकलेले गुरुजी आणि त्या उजेडातून येणारा बाईंचा आवाज. सगळं डोळ्यांपुढे उभं राहायचं. मग एकदा शेंगा फोडता फोडता आई म्हणाली, "अगं, कुठला रेडिओ? दुष्काळ सरल्यावर घेतला आपण रेडिओ. आणि त्या रात्री नेहमीसारखे आठालाच झोपलो होतो की आपण सगळे."

मी तिच्याशी वाद घातला. वाद घालता घालता मी ते भाषण तिला म्हणून दाखवायला लागले आणि मध्येच थांबले. माझ्या आठवणीतल्या इंदिरा गांधी मराठीत बोलत होत्या.

खरं घडलं ते असं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. गुरुजींकडे ट्रान्झिस्टर होता. दिल्लीहून लागणाऱ्या मराठी बातम्या त्यांनी ऐकल्या आणि शाळा भरल्याबरोबर आम्हाला सांगितलं, की पाकिस्ताननं हल्ला केलाय. दुपारच्या एस.टी.नं पुण्याचं वर्तमानपत्र आलं. ते घेऊन गुरुजी मारुतीच्या पारावर बसले आणि पंतप्रधानांचं भाषण त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. पारावर पुरुष, समोरच्या ओट्यावर बायका. आजीचा पदर धरून मी होते. मी ऐकलेला आवाज पन्नाशीतल्या, दम्याचा त्रास असलेल्या एका प्राथमिक शिक्षकाचा होता. बाईंचा आवाज त्याच्यावर मी नंतर कधीतरी चढवला.

असं माझ्या एकटीचंच झालेलं नाही. ४ जून १९४० ला चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत ते किनाऱ्यांवर लढण्याचं भाषण केलं, तेव्हा ते रेडिओवर लागलंच नव्हतं. संध्याकाळच्या बातम्यांत निवेदकानं त्यातले उतारे वाचले. चर्चिल यांनी स्वतःच्या आवाजात ते ध्वनिमुद्रित केलं ते थेट १९४९ मध्ये. तरीही त्या वेळची कितीतरी माणसं आयुष्यभर सांगत राहिली, की आम्ही ते त्याच दिवशी त्यांच्याच तोंडून ऐकलं. ती माणसं खोटं बोलत नव्हती. अशी भाषणं दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून घरात येतात, आणि घरात येताना घरची भाषा घेऊन येतात.

आमचं गाव साताऱ्याच्या पूर्वेला, अपशिंग्यापासून फार लांब नाही. अपशिंग्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी'च म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान मेले. इंग्रजांनी तिथं त्यांची आठवण म्हणून दगड बसवला. आमचं गाव एवढं नावाजलेलं नाही, पण आमच्याकडेही घर सोडून घर पलटणीत माणूस. मनीऑर्डरीवर बी-बियाणं यायचं, मुलींची लग्नं व्हायची. आमच्या घरातून काका होते, वडिलांचे धाकटे भाऊ. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत. त्यांच्या पत्रावर गावाचं नाव कधीच नसायचं, फक्त '९९ ए.पी.ओ.' एवढंच, म्हणजे लष्कराच्या टपालघराचा क्रमांक. पण गावात सगळ्यांना कळायचं. ५६ म्हणजे इकडं पश्चिमेला, ९९ म्हणजे पूर्वेला.

त्या शनिवारी पारावर गुरुजी वाचत होते. देशापुढे मोठं संकट उभं असताना मी तुमच्याशी बोलते आहे, काही तासांपूर्वी, ३ डिसेंबरला संध्याकाळी साडेपाचनंतर थोड्याच वेळानं, पाकिस्ताननं आपल्याविरुद्ध युद्ध सुरू केलं. मग विमानतळांची नावं. अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अवंतीपूर, उत्तरलाई, जोधपूर, अंबाला, आग्रा. प्रत्येक नावाला आजीची माझ्या खांद्यावरची बोटं घट्ट व्हायची. नावं संपली तशी तिनं विचारलं, "गुरुजी, ह्यातलं पूर्वेचं गाव कंचं?"

"एकही नाही, काकी. सगळी पश्चिमेची."

आजीनं हात सैल सोडला. आग्र्याला ताजमहाल आहे, तो आता झाकून टाकतील, अशी चर्चा कुणीतरी सुरू केली. त्यात तिला रस नव्हता. तिच्यापुरतं भाषण तिथं संपलं होतं. पण गुरुजी पुढं वाचत राहिले, आणि ते वाक्य आलं: बांगलादेशातलं युद्ध आता भारतावरचं युद्ध झालं आहे. आजी पुन्हा उठून उभी राहिली. "म्हंजी काय, गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. एवढंच मला आठवतं, आणि ही आठवण आईनंही खरी ठरवली आहे.

पुढे मी साताऱ्यात हायस्कूलला इतिहास शिकवायला लागले, तेव्हा अशा प्रसंगी केलेली भाषणं शोधून वाचायचा नाद लागला. देशावर अचानक घाला पडलाय, लोक सुन्न झालेत, आणि एका माणसाला उभं राहून बोलायचंय. तो पहिलं वाक्य काय उच्चारतो? आवेशाचं वाक्य असेल, शपथ असेल, अशी माझी समजूत होती. वाचत गेले तसं ध्यानात आलं, की पुष्कळदा तो आधी वेळ सांगतो.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं भाषण घ्या. ७ डिसेंबर १९४१, रविवार. सकाळी आठच्या सुमाराला जपानी विमानांनी हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बरवर हल्ला केला. २,४०० हून जास्त अमेरिकन माणसं मेली. त्याच संध्याकाळी रूझवेल्ट यांनी आपल्या सचिव ग्रेस टली यांना बोलावून भाषण सांगायला सुरुवात केली. स्वल्पविरामासकट सांगत होते ते. "काल, स्वल्पविराम, ७ डिसेंबर १९४१..." आणि पुढे, 'जी तारीख जगाच्या इतिहासात राहील'. टंकलेला कागद हातात आल्यावर त्यांनी पेन्सिलीनं 'जगाच्या इतिहासात' खोडलं आणि तिथं एकच शब्द लिहिला, 'इन्फमी'. तो शब्द मराठीत आणताना मी कितीदा तरी अडले आहे. बदनामी म्हटलं तर हलकं होतं, कलंक म्हटलं तर तो ज्याच्यावर हल्ला झाला त्यालाच लागतो. 'काळिमा' त्यातल्या त्यात जवळ जातो. काळिमा म्हणून जगेल अशी तारीख. ती कच्ची प्रत मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवायचे आणि डस्टरनं ते दोन शब्द पुसायचे. इतिहासात तर सगळ्याच तारखा राहतात. पुसलेल्या जागी नवा शब्द लिहिला, की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

दुसऱ्या दिवशी ते अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे आले. पोलिओनं पाय गेलेले, पायांना पोलादी पट्ट्या, मुलाच्या दंडाचा आधार. भाषण साडेसहा-सात मिनिटांचं. त्यातला एक भाग मी वर्गात मोठ्यानं वाचायचे. काल जपाननं मलायावर हल्ला केला. काल रात्री हाँगकाँगवर. काल रात्री ग्वामवर. काल रात्री फिलिपाइन्सवर. काल रात्री वेक बेटावर. आणि आज सकाळी मिडवेवर. कीर्तनात बुवा एकच पद घोळवत चढवत नेतात तसं हे चढत जातं, आणि 'आज सकाळी'पाशी आलं की अंगावर काटा येतो. म्हणजे अजून थांबलेलं नाही, आपण इथं बसलोय तेव्हाही चालूच आहे. तासाभरातच युद्धाचा ठराव झाला. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध शून्य, प्रतिनिधीगृहात ३८८ विरुद्ध १. विरोधातलं ते एक मत जॅनेट रँकिन या बाईंचं. सगळं सभागृह एकीकडे असताना त्यांनी 'नाही' म्हटलं, याचा मला आदर वाटतो, जरी मी तिथं असते तर माझा हात ठरावाच्या बाजूनं वर गेला असता.

मात्र मेलेल्यांचा आकडा रूझवेल्ट यांनी दिला नाही. फार अमेरिकन जीव गेले, एवढंच म्हणाले. शत्रूला कळू नये म्हणून, हे समजतं. पण सैनिकाच्या घरातली मी, त्या वाक्यापाशी माझं मन अजूनही अडतं. त्या क्षणी एखाद्या दूरच्या शेतघरात रेडिओशी बसलेल्या आईला जहाजाचं नाव हवं असणार.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला खूप उशिरा कळली. पर्ल हार्बरवर पहिला बॉम्ब पडण्याच्या तासभर आधीच मलायात कोटा बारूच्या किनाऱ्यावर जपानी सैन्य उतरायला लागलं होतं. तिथं तेव्हा मध्यरात्र उलटून ८ तारीख लागली होती. किनाऱ्यावरच्या बंकरांत बसून त्यांना तोंड दिलं ते डोग्रा पलटणीच्या शिपायांनी. म्हणजे प्रशांत महासागरातलं ते युद्ध सुरू झालं तेव्हा पहिल्या गोळ्या झेललेल्यांत आपली माणसं होती, आणि त्यांच्या कॅलेंडरावर जगप्रसिद्ध झालेली ती तारीख नव्हतीच. काळिमा ७ तारखेच्या नावावर गेला. ते शिपाई ८ तारखेला मेले.

त्याच वर्षी २२ जूनला, तोही रविवारच, जर्मनीनं रशियावर हल्ला केला. स्टॅलिन बोलले नाहीत. दुपारी बाराच्या सुमाराला परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह रेडिओवर आले आणि त्यांनीही घड्याळच दाखवलं: आज पहाटे चार वाजता, कुठलीही मागणी पुढे न ठेवता, युद्ध न पुकारता, जर्मन फौजांनी आपल्या देशावर हल्ला केला. आपली बाजू न्यायाची आहे, शत्रूचा पराभव होईल, विजय आपलाच होईल. शेवटची ही तीन वाक्यं पुढे रशियात घराघरात पाठ झाली. स्टॅलिन बोलले ते अकरा दिवसांनी, ३ जुलैला. ऐकणारे सांगतात, की बोलता बोलता ते पाणी पीत होते आणि पेल्याचा आवाज रेडिओवर ऐकू येत होता. सुरुवात केली 'कॉम्रेड्स, नागरिकहो' अशी, आणि लगेच पुढे 'बंधूंनो आणि भगिनींनो'. आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धेतला चौथीचा मुलगाही बंधूंनो-भगिनींनो म्हणतो, त्यामुळे आपल्याला त्यात काही वाटणार नाही. पण ज्या माणसाच्या नावानं लोक रात्री दार वाजलं की थरथरत, त्याच्या तोंडून हे नातं ऐकणाऱ्यांना काय वाटलं असेल! त्या अकरा दिवसांत किती गावं गेली आणि किती पोरं गेली. नात्याची हाक मारायला एवढा उशीर करणाऱ्याला मी माफ करू शकत नाही.

वेळ सांगणं खोटंही असू शकतं. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलर यांनी जर्मन संसदेत सांगितलं, की पावणेसहापासून आम्ही गोळीबाराला उत्तर देत आहोत. उत्तर! पोलंडवरचा हल्ला जर्मनीनंच केला होता, तोही पावणेपाचच्या सुमाराला. आदल्या रात्री जर्मन हद्दीतल्या ग्लायविट्झच्या रेडिओ केंद्रावर पोलिश हल्ल्याचं सोंग आपल्याच माणसांकरवी वठवून ठेवलं होतं. लबाडाच्या घड्याळातही काटे असतात. हे वाचल्यापासून कुणीही नेता अचूक वेळ सांगून बोलायला लागला, की मी आधी दुसरीकडे जाऊन ती वेळ पडताळते. मुलांनाही तेच शिकवलं.

आणि आपलं १९६२. तेव्हाची माझी स्वतःची आठवण नाही, माझा जन्मच पुढल्या वर्षीचा. २० ऑक्टोबरला चीननं दोन्ही टोकांना हल्ला केला. पंडितजी काही दिवसांतच जाहीरपणे म्हणाले, की आपण आधुनिक जगाच्या वास्तवापासून तुटत चाललो होतो, आपणच तयार केलेल्या कृत्रिम वातावरणात राहत होतो. चूक कबूल करणारं इतकं उघडं वाक्य युद्ध चालू असताना उच्चारायला छाती लागते. पण नंतर आजच्या अरुणाचलातलं बोमडिला पडलं, आणि १९ नोव्हेंबरला त्यांनी रेडिओवरून आसामच्या लोकांविषयी म्हटलं, की माझं हृदय त्यांच्याकडे ओढ घेतं आहे. ते कळवळूनच बोलले असणार, याबद्दल मला शंका नाही. पण आसाममध्ये अनेकांनी ते निरोपासारखं ऐकलं. दिल्लीनं आपल्याला सोडून दिलं, असं. ती जखम तिथं अजून बोलून दाखवतात. शब्द कळवळ्याचे होते. पण शत्रू दाराशी येऊन ठेपलेल्या माणसाला आधी 'आम्ही येतोय' हे ऐकायचं असतं.

इकडं आमच्या जिल्ह्यात त्याच दिवसांत दुसरंच वारं होतं. देवराष्ट्र्यात जन्मलेले, कराडचे यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य लहानथोरांच्या तोंडी झालं. साताऱ्यात सैनिक स्कूल वर्षभरापूर्वीच, जून १९६१ मध्ये सुरू झालं होतं, तेही त्यांच्याच प्रयत्नांतून, देशातलं पहिलं. संरक्षण निधीला आजीनं कानातल्या कुड्या काढून दिल्या. पुढे मरेपर्यंत तिच्या कानांत काडी होती. यशवंतरावांचं एखादं भाषण तिनं ऐकलं होतं का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "भाषान कशाला? त्यो गेला की."

आता तारेबद्दल.

१६ डिसेंबरला ढाका पडलं. संध्याकाळी गावात साखर वाटली, एका घरानं साताऱ्याहून कंदी पेढे आणले. पोरांनी मारुतीच्या देवळातली घंटा हात दुखेपर्यंत वाजवली. ९३ हजार कैदी, हा आकडा आम्ही पाढ्यासारखा घोकत होतो. दोन-तीन दिवसांनी दुपारी तारवाला सायकलवरून आला. सैनिकांच्या गावात तारवाला आला की काय होतं, ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. जातं थांबतं. बायका दारात येतात आणि प्रत्येकीची नजर त्याच्या पुढच्या चाकावर असते, ते आपल्या दाराशी वळतंय की पुढं जातंय. ते आमच्या दाराशी वळलं.

तार इंग्रजीत. वडील शेतावर. मला गुरुजींकडे पिटाळलं. ते शाळेचा फळा तसाच सोडून आले, धापा टाकत. आजी सोप्यात जमिनीवर बसली होती, दोन्ही हात पुढं, रिकामे. गुरुजींनी तार उलगडली, नजर एकदा वरून खालपर्यंत फिरवली आणि म्हणाले, "जिवंत आहे."

मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. नंतर त्यांनी सावकाश तार वाचली. क्रमांक, हुद्दा, नाव, जखमी झाल्याचं, रुग्णालयात असल्याचं. पुढे मी ती तार शिकल्यासवरल्या डोळ्यांनी वाचली. आई ती ट्रंकेत जपून होती. त्यात 'जिवंत आहे' असं कुठंही लिहिलेलं नाही. इंग्रजीत आधी दिलगिरी येते, मग क्रमांक येतो, मग हुद्दा, आणि काय झालं ते सगळ्यात शेवटी. गुरुजींनी तो क्रम मोडला. तारेत नसलेले दोन शब्द त्यांनी सगळ्यांच्या आधी ठेवले.

एवढी भाषणं वाचून झाली, पण तोलायला घेतलं की माझ्या हातात तराजू हाच असतो. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला, आणि दुसऱ्या दिवशी रात्री झेलेन्स्की कीव्हच्या रस्त्यावर उभे राहून मोबाइलच्या कॅमेऱ्यात बोलले. अर्ध्या मिनिटाचं. पक्षाचे नेते इथं आहेत, पंतप्रधान इथं आहेत, राष्ट्राध्यक्ष इथं आहेत, आम्ही सगळे इथं आहोत. ते पळून गेले अशी आवई उठली होती, आणि लोकांना आधी तेवढंच कळायला हवं होतं. मला पटकन गुरुजी आठवले. चष्मा पुसणारे आणि तार हातात धरलेले, दोन्ही गुरुजी.

काका दोन महिन्यांनी घरी आले. डाव्या हाताची दोन बोटं बांगलादेशातल्या जमालपूरला राहिली. हवालदार होऊन निवृत्त झाले, आता ऐंशीचे आहेत. कान शाबूत आहेत. जमालपूरची एक गोष्ट ते सणासुदीला सांगतात. आपल्या ब्रिगेडियरनं पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याचं पत्र पाठवलं, आणि उत्तरादाखल आलेल्या पत्रात गुंडाळून एक बंदुकीची गोळी आली. ती गोष्ट सांगताना ते शत्रूच्या कर्नलाला नावं ठेवत नाहीत. "मर्द गडी हुता," म्हणतात.

गेल्या दिवाळीत माझ्या लेकानं इंदिराबाईंच्या त्या भाषणाचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर शोधून काढलं. मीही ते खऱ्या आवाजात तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. आवाज शांत होता, थोडा थकलेला. त्या दिवशी दुपारी त्या कलकत्त्यात सभेत होत्या, तिथून अंधारलेल्या दिल्लीला परतल्या, आणि मध्यरात्र उलटल्यावर बोलायला बसल्या. काकांनी सगळं आयुष्य पलटणीत घालवलं, पण हे भाषण कधी ऐकलं नव्हतं. मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. लेक एकेक वाक्य मराठीत सांगत होता. साडेपाचनंतर थोड्याच वेळानं, असं आलं तसं त्यांनी हात वर केला.

"साडेपाच?"

"हो, आजोबा. तीन तारखेला."

"आमच्याकडं तर नोव्हेंबरातच तोफा चालू झालत्या. गारो टेकड्यांच्या पायथ्याला. आमच्यातला एकजण तवाच गेलता." त्यांनी त्या माणसाचं नाव घेतलं. गाव पाटणकडचं. मग म्हणाले, "फुडं लाव."

लेकानं पुढं लावलं. विमानतळांची नावं आली, बांगलादेशाचं वाक्य आलं, शेवटी जय हिंद आलं. काका बराच वेळ अंगणातल्या आकाशकंदिलाकडं बघत बसले. मग मला म्हणाले, "ती हे बोलत हुती तवा तुमी कुटं हुता?"

"झोपलो होतो, काका. रेडिओ कुठं होता आपल्याकडं."

"आणि आई?"

"आजीपण झोपली होती."

"मग बरं झालं," काका म्हणाले. "ती येक रात तरी झोपली."